आधी वीजबिल काढा, मग उमेदवार ताडून बघा: वीज आणि हवामान बदलावरच्या भूमिका शेजारी शेजारी कशा ठेवायच्या

काम सुरू करायच्या आधी घरातलं शेवटचं वीजबिल समोर ठेवा, मोबाईलवर आलेलं असेल तर ते उघडा, आणि एक वही घ्या. पत्रकं, भाषणं, जाहीरनामे हे सगळं नंतर. मे २०२४ च्या लोकसभेला मी उलटं केलं होतं, सगळे जाहीरनामे डाउनलोड करून रात्री वाचत बसले आणि तासाभरात कळलं की असं काही हाती लागणार नाही, कारण जिथे तिथे हरित, शाश्वत, स्वच्छ असंच लिहिलेलं, मग तुलना करणार कशाची. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आणि १५ जानेवारी २०२६ च्या महापालिकेला पद्धत बदलली आणि ती जमली, म्हणून लिहितेय. मी ऐरोलीत राहते, सोसायटीची खजिनदार आहे, त्यामुळे उदाहरणं सगळी ठाणे-नवी मुंबईची येतील.

बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी दिसतील. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने लिहा की ही कोणाच्या हातात आहे. पहिल्या तिन्हींचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, म्हणजे महावितरण प्रस्ताव देतं, आयोग लोकांच्या हरकती मागवतो, सुनावणी घेतो आणि आदेश काढतो. इंधन समायोजन म्हणजे वीज विकत घेण्याचा खर्च, कोळसा महागला वगैरे कारणाने, धरलेल्या अंदाजापेक्षा वर गेला की तो फरक आपल्या बिलात येतो. आणि शेवटचं वीज शुल्क, तो सरळ राज्य सरकारचा कर आहे, घरगुती बिलावर १६ टक्के. खूप जणांना हे माहीतच नसतं, आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा दोन-तीन जणांनी तिथेच मोबाईल काढून बिल बघितलं.

याचा उपयोग काय, तर नगरसेवकपदाचा उमेदवार दारात येऊन म्हणाला की तुमचं वीजबिल कमी करून देतो, तर तुम्ही बिल दाखवून विचारू शकता की यातली कुठली ओळ तुमच्या हातात आहे. एकही नाही. पण आमदारकीचा उमेदवार म्हणाला की वीज शुल्क कमी व्हावं म्हणून विधानसभेत लावून धरीन, तर ते खरंच त्याच्या कक्षेतलं आहे, त्याला वहीत जागा द्यायची.

कोणाच्या हातात काय

ही पायरी कंटाळवाणी वाटते पण अर्धी तुलना इथेच होऊन जाते. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, केंद्र आणि राज्य दोघांचाही. खासदाराकडे विचारायचं ते देशाचं धोरण, कोळसा, अणुऊर्जा, वीज कायद्यातल्या दुरुस्त्या, खाडीकिनाऱ्यावरच्या बांधकामांचे सीआरझेड नियम, पीएम सूर्यघर (गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणारी) सारख्या योजना. आमदाराकडे महावितरण आणि वीज तयार करणारी महानिर्मिती या सरकारी कंपन्या, वीज शुल्क, शेतीपंपांची मोफत वीज आणि त्याचा भार, एमआयडीसी, इमारतींचे नियम. नगरसेवकाकडे रस्त्यावरचे दिवे, कचरा, पाणी, टीएमटी-एनएमएमटीच्या बस, झाडं, नाले, मनपाच्या शाळा-दवाखान्यांच्या गच्च्या.

आता बघा, हवामान बदलाचं रोज अंगावर येणारं जे आहे ना, म्हणजे ऊन, पाणी तुंबणं, पाणीटंचाई, झाडं जाणं, ते सगळं बरचसं या तिसऱ्या यादीत येतं. तरी महापालिकेच्या प्रचारात त्यावर कोणी विचारत नाही. गटार, पार्किंग, फेरीवाले, एवढंच. आमच्याकडे तर २०१५ नंतर थेट २०२६ ला महापालिकेची निवडणूक झाली, मे २०२० ला मुदत संपल्यापासून प्रशासकच कारभार बघत होते, त्यामुळे प्रश्न विचारायची सवयच मोडली लोकांची. ठाण्यातही २०१७ नंतर २०२६ च.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट, तुमच्याकडे वीज कोण देतं तेही लिहा. ऐरोली, वाशी, ठाणे शहर इथे महावितरण आहे, पण कळवा, मुंब्रा, शीळ, दिवा भागात २०२० पासून टोरंट पॉवर फ्रँचायझी म्हणून, म्हणजे महावितरणच्या वतीने, काम करते. आणि भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यात समांतर वीज वितरणाचा, म्हणजे महावितरणच्याच भागात आपणही वीज देण्याचा, परवाना मिळावा म्हणून अदानी समूहाच्या कंपनीने २०२२ मध्ये अर्ज केला होता, त्याच्या विरोधात जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले होते. समांतर परवाना हवा की नको, हा आमदारकीच्या उमेदवाराला विचारायचा फार चांगला प्रश्न आहे कारण त्याचं उत्तर हरित-शाश्वत बोलून देता येत नाही, बाजू घ्यावीच लागते. मला स्वतःला कुठली बाजू पटते ते बाजूला ठेवा, उमेदवाराने कारण काय दिलं ते लिहा.

वहीचं पान

एका उमेदवाराला एक पान आणि पानावर चार रकाने: हातात काय, बोलला काय, केलं काय, पैसे कुठून. एवढंच. मी आधी दहा रकाने केले होते, गुण देत होते, पण कोणी पाच विषयांवर थोडं थोडं गोड बोलला की त्याचे गुण वाढायचे आणि एकाच विषयात खरंच मुळापासून काम केलेला माणूस मागे पडायचा, म्हणून गुण देणं बंद केलं.

"बोलला काय" मध्ये शब्द जसेच्या तसे उतरवा, तारीख घाला, कुठे बोलला ते घाला. आपल्या भाषेत सारांश नको. शब्द का जपायचे याचं एक उदाहरण देते. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं की सर्वसामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही. नंतर महावितरणने टीओडी मीटर बसवायला घेतले, म्हणजे दिवसाच्या कुठल्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारे स्मार्ट मीटर, पण पोस्टपेड, बिल नंतर येणारं. आमच्या इमारतीत त्यावरून दोन तट पडले, एक म्हणाले शब्द मोडला, दुसरे म्हणाले शब्द प्रीपेडबद्दल होता, तो पाळला. ज्याने मूळ वाक्य लिहून ठेवलं असेल त्यालाच यावर नीट बोलता येतं. आणि टीओडीबद्दल पुढचा प्रश्न विचारा, दिवसा वीज स्वस्त ठेवण्याचा फायदा दिवसभर घर बंद असणाऱ्या, आठच्या लोकलला जाणाऱ्या घराला कसा मिळणार.

दोन आश्वासनं एकाच बिलावर लावून बघणं

विधानसभेच्या वेळी मी हे केलं आणि डोळे उघडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीच्या दहा वचनांमध्ये वीजबिलात ३० टक्के कपात आणि सौर व अक्षय ऊर्जेवर भर असं होतं. महाविकास आघाडीच्या महाराष्ट्रनामामध्ये ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्यांचं १०० युनिटपर्यंतचं बिल माफ असं होतं. ऐकायला दोन्ही सारखीच, बिल कमी होणार. पण दोन्ही माझ्या घरच्या बिलांवर लावली. डिसेंबरला आमचं १७० युनिट, मे महिन्यात एसी लागतो म्हणून ३४० च्या आसपास. पहिलं आश्वासन दोन्ही महिन्यांना लागू, टक्क्यांत, म्हणजे जो जास्त वापरतो त्याला रुपयांत जास्त सूट. दुसरं डिसेंबरला लागू, पण मेमध्ये ३०० ओलांडले म्हणून काहीच नाही, आणि माफ होणार ती पहिली १०० युनिट म्हणजे सगळ्यात स्वस्त स्लॅबची. तळमजल्यावरच्या काकू एकट्या राहतात, त्यांचं बिल ८०-९० युनिटचं, त्यांना दुसऱ्या आश्वासनात जवळपास सगळंच माफ झालं असतं. म्हणजे कुणाचं आश्वासन चांगलं हे घरागणिक बदलतं, आणि तुमच्या मताआधी तुम्हाला ते तुमच्या आकड्यावर माहीत पाहिजे.

मग चौथा रकाना, पैसे कुठून. सूट दिली तर ती रक्कम कुठून तरी येणारच, सरकारच्या तिजोरीतून किंवा कारखाने-दुकानांचे दर वाढवून, तिसरा मार्ग म्हणजे वीज खरेदीच स्वस्त करणं. आमच्या पट्ट्यात टीटीसी एमआयडीसी आहे, वागळे इस्टेट आहे, दोन्ही औद्योगिक वसाहती, तिकडचे दर वाढले तर तिथे नोकरी करणाऱ्या घरांवर त्याचा परिणाम होतो, त्यामुळे हा प्रश्न नुसता हिशोबाचा नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने पक्षांना सांगितलेलंच आहे की आश्वासनामागचं कारण आणि पैसे उभे करायचा मार्ग ढोबळमानाने तरी जाहीरनाम्यात द्या. तेव्हा विचारायला लाजू नका.

आणि या सगळ्यात एक गोष्ट मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलीय, स्वस्त वीज वेगळी आणि स्वच्छ वीज वेगळी. बिल माफ केल्याने कोळसा कमी जळत नाही. उमेदवार हवामानाबद्दल विचारल्यावर बिलाबद्दल बोलायला लागला तर ते उत्तर हवामानाच्या खाली लिहू नका. दोन्ही हवंच आहे आपल्याला, पण एकाच्या जागी दुसरं मोजलं की फसगत होते.

शब्द कुठे फसवतात

मेगावॅट आणि युनिट. भाषणात नेहमी मेगावॅट-गिगावॅट येतात, ती क्षमता, म्हणजे यंत्र किती मोठं आहे. आपण वापरतो ती युनिट. सोलर रात्री चालत नाही, पावसाळ्यात कमी चालतं, त्यामुळे तेवढ्याच मेगावॅटच्या कोळशाच्या प्रकल्पापेक्षा वर्षभरात युनिट कमी मिळतात. २०२५ च्या मध्यावर देशाच्या एकूण वीज क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, म्हणजे सौर, पवन, जल, अणु वगैरे मिळून, आणि २०३० चं ते उद्दिष्ट आधीच गाठलं गेलं. ही मोठी गोष्ट आहे, कमी लेखू नका. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजूनही कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. एक उमेदवार पहिलं वाक्य सांगेल, दुसरा दुसरं, आणि दोघंही खरं बोलत असतील. म्हणून आकडा ऐकला की लगेच विचारा, क्षमतेचा की विजेचा. ग्रीडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यावरून तुमच्या घराचा हिशोबही काढता येतो.

नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडायचा तेवढाच शोषूनही घ्यायचा. पंतप्रधान मोदींनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत २०७० जाहीर केलं. ते देशाचं. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपल्या आराखड्यात २०५० धरलं, ते मुंबईचं. तुमचा उमेदवार नेट झिरो म्हणाला तर कुठल्या हद्दीचं, कुठलं वर्ष, आणि तो निवडून आला तर त्याच्या पाच वर्षांत त्यातलं काय होणार, हे तीन प्रश्न. पाच वर्षांत काय हा मुख्य.

लोकसभेला अजून एक अडचण येते. २०२४ ला ठाण्यात नरेश म्हस्के आणि राजन विचारे अशी मुख्य लढत होती, दोघं शिवसेनेच्या दोन बाजूंचे. ऊर्जेचं देशपातळीवरचं धोरण मात्र आघाडीतल्या मोठ्या पक्षांच्या कागदात जास्त तपशिलात होतं. भाजपच्या संकल्पपत्रात २०४७ पर्यंत ऊर्जेत स्वावलंबन आणि घराच्या सोलरमधून वीजबिल शून्य, काँग्रेसच्या न्यायपत्रात पर्यावरण आणि हवामान बदलासाठी स्वतंत्र प्राधिकरण. तेव्हा उमेदवाराचं पान वेगळं करा आणि आघाडीचं पान वेगळं करा, आणि उमेदवाराला विचारा की आघाडीच्या कागदातलं तुम्हाला काय मान्य आहे आणि ठाण्यासाठी त्यात काय नाही.

सोलरचं नीट विचारा

सगळेच उमेदवार सोलर सोलर म्हणतात. सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा पुढे ७८ हजार रुपये अनुदान आहे, सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, किलोवॅटमागे १८ हजार. १ किलोवॅटमधून दिवसाला साधारण ४ युनिट धरा. म्हणजे बंगलेवाल्याला हे सोपं आहे. पण ठाणे-नवी मुंबईत बहुतेक जण फ्लॅटमध्ये, गच्ची सगळ्यांची, त्यात निम्म्या इमारती रीडेव्हलपमेंटच्या रांगेत, चार वर्षांत पाडायची असेल तर पॅनल कोण बसवणार? आमच्या सोसायटीत मी हा हिशोब मांडला तेव्हा एका ज्येष्ठ काकांनी हाच प्रश्न केला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तोच प्रश्न मी उमेदवारांना विचारायला लागले, की फ्लॅटवाल्याला आणि रीडेव्हलपमेंटवाल्याला सोलर कसं मिळणार. नवीन टॉवर उभे राहताना सोलरचे आणि पावसाचं पाणी साठवायचे नियम विकास नियंत्रण नियमावलीत आहेतच, ओसी (इमारत वापरायचा दाखला) देताना ते तपासले जातात का आणि दोन वर्षांनी चालू असतात का, हे नगरसेवकाने महासभेत विचारायचं असतं. मोरबे धरणावर तरंगत्या सोलरचा महापालिकेचा प्रस्ताव बरीच वर्षं ऐकतोय, त्याचं काम कुठवर आलं हेही नवी मुंबईच्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, धरण आपल्या महापालिकेच्या मालकीचं आहे.

डेटा सेंटर

ऐरोली, रबाळे, महापे, ठाणे-बेलापूर रोडने जाताना खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती दिसतात त्या बऱ्याचशा डेटा सेंटर. चोवीस तास वीज, थंड ठेवायला अजून वीज, पाणी, आणि वीज गेली तर डिझेल जनरेटर. आपण मोबाईलवर जे जे करतो ते तिथेच साठतं, त्यामुळे नकोच म्हणण्यात अर्थ नाही, रोजगारही आहे. पण प्रचारात त्यावर कोणीच बोलत नाही हे मला खटकतं. विचारायचं ते असं: त्यांना लागणारी वीज कुठून येणार, त्यासाठी नवीन लाईन आणि सबस्टेशनचा खर्च कोणाच्या दरात जाणार, थंड करायला पिण्याचं पाणी वापरणार की प्रक्रिया केलेलं सांडपाणी, आणि जनरेटरच्या धुरावर लक्ष कोण ठेवणार. टीटीसीतली जमीन एमआयडीसीची, बांधकाम परवानगीही तिचीच, त्यामुळे हा प्रश्न मुख्यतः आमदाराचा. १२ ऑक्टोबर २०२० आठवतंय ना, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळं ठप्प, लोकल जागच्या जागी, कळवा-पडघा वाहिन्यांवरच्या बिघाडातून सुरू झालेलं. नंतर २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ४०० केव्ही लाईन सुरू झाली. म्हणजे आपली वीज किती थोड्या दोऱ्यांवर लटकलेली असते आणि एक दोरी वाढवायला किती वर्षं लागतात, हे उमेदवाराला माहीत आहे का ते बघा.

ऊन आणि पाणी

हा भाग माझ्या सगळ्यात जवळचा. नवी मुंबईचा खाडीकडचा बराच भाग भराव टाकून बसवलेला, भरतीच्या पातळीपेक्षा खाली, म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने वाशी, कोपरखैरणे, बेलापूरकडे धारण तलाव केले. भरती आली की खाडीकडची दारं बंद, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला दारं उघडतात आणि पाणी खाडीत जातं. आता त्या तलावांमध्ये गाळ साठलाय, गाळात खारफुटी वाढलीय, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, हायकोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, त्यामुळे गाळ काढायलाही परवानग्या लागतात. दोन वर्षांपूर्वी जुलैत माझ्या बहिणीकडे गेले होते, तळमजला, दुपारची भरती आणि वरून धो धो. आम्ही दोघींनी आधी गॅसचा सिलिंडर ओट्यावर चढवला, मग गव्हाचा डबा, मग मुलाची दप्तरं, आणि फ्रिज उचलता येईना म्हणून त्याचा प्लग काढून खाली विटा सरकवल्या. पाणी घोट्यापर्यंत येऊन थांबलं. ओहोटी लागल्यावर तासाभरात उतरलं. भरतीचं वेळापत्रक तिने फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं असतं, जूनपासून.

म्हणून मला धारण तलावावर उमेदवार काय म्हणतो ते महत्त्वाचं वाटतं. खारफुटी साफ करून टाकू म्हणणारा आणि कशालाच हात लावू नका म्हणणारा, दोघांनाही पुढचा प्रश्न विचारा. खारफुटी खाडीकिनाऱ्यावर लाटा आणि भरतीचा जोर अडवते, ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, फ्लेमिंगो येतात, ते सगळं टिकायलाच पाहिजे. आणि तलावात पाणी मावायलाही पाहिजे. किती गाळ, कुठून काढायचा, परवानगी कुठे अडलीय, बदल्यात खारफुटी कुठे वाढवणार, एवढं जो सांगेल त्याने अभ्यास केलाय. ठाण्यात हाच प्रश्न येऊर, घोडबंदरची झाडं, पारसिकचा डोंगर आणि नाल्यांच्या बाबतीत विचारता येईल. झाडांचं उत्तर आलं तर किती लावली एवढ्यावर थांबू नका, तीन पावसाळ्यांनंतर किती जगली ते विचारा.

उन्हाचं तसंच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर दुपारच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने माणसं गेली, ते आपल्या इथलंच आहे. ठाणे महापालिकेने उष्णता कृती आराखडा केलाय, तुमच्या प्रभागात त्यातलं काय दिसतं ते विचारा, सावली, पाणी, दवाखान्यात थंड खोली, नाका कामगारांच्या कामाच्या वेळा. आणि एक गोष्ट नुसती बघायची, विचारायची पण गरज नाही, तो उमेदवार एप्रिल-मेमध्ये स्वतःच्या सभा-रॅली किती वाजता ठेवतो आणि तिथे आलेल्या बायकांना, म्हाताऱ्यांना सावली-पाणी आहे का. हे "केलं काय" च्या रकान्यात जातं.

केलं काय, ते कुठे सापडतं

खासदाराचे प्रश्न संसदेच्या साईटवर, हजेरी आणि प्रश्नांची मोजणी पीआरएस या अभ्यास संस्थेच्या साईटवर. आमदाराचे तारांकित प्रश्न, लक्षवेधी विधिमंडळाच्या साईटवर, थोडं खोदावं लागतं. आधी नगरसेवक असलेल्याचं महासभेच्या इतिवृत्तात, नाही मिळालं तर माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करा, पण तो निवडणुकीच्या दोन महिने आधी, कारण उत्तराला तीस दिवस लागतात. निधी कुठे वापरला तेही मागा, किती स्वागत कमानी आणि किती सोलर दिवे हे त्यात कळतं. नवीन उमेदवार असेल तर त्याने आपल्या सोसायटीत, गणेश मंडळात, शाळेत काय केलं ते बघा, छोटं असलं तरी चालेल.

शपथपत्र वाचाच. लोकसभा-विधानसभेचं केंद्रीय निवडणूक आयोगाकडे, महापालिकेचं राज्य निवडणूक आयोगाकडे. मालमत्ता आणि गुन्ह्यांच्या पुढे जाऊन शेअर्स, भागीदारी आणि जमिनी बघा. बांधकाम कंपनीत भागीदार असणं काही गुन्हा नाही, पण झाडं आणि पाणथळ जागांवर त्याचं मत ऐकताना ते आपल्याला माहीत असावं.

आमच्याकडे महापालिकेला बहुतेक प्रभागांतून चार जण, अ, ब, क, ड अशा जागा, चार मतं. पॅनलचं एकच पत्रक येतं पण तुम्ही चारही जागांची तुलना वेगवेगळी करा. मी जानेवारीत सगळी पानं पॅनलप्रमाणे न लावता जागेप्रमाणे लावली, तेव्हा फरक दिसले.

दारात आल्यावर

सगळं विचारायला वेळ नसतो, मागे ढोल, पुढे फोटो काढणारे. एकच प्रश्न, सगळ्यांना तोच, त्याच शब्दांत. जानेवारीत मी विचारला तो असा होता: "आपल्या प्रभागातल्या मनपा शाळेच्या गच्चीवर सोलर बसवायचं तर तुम्ही पहिल्या सहा महिन्यांत काय कराल?" एका उमेदवाराने झाडांबद्दल सांगितलं. एक म्हणाले वरून आदेश आला की लगेच करू. एक ताई थांबल्या, गर्दी पुढे सरकत होती तरी थांबल्या, म्हणाल्या, "मला खरंच माहीत नाही, शाळेच्या गच्चीचा अधिकार कोणाकडे आहे ते विचारून सांगते." मी नंबर दिला. दुसऱ्या दिवशी रात्री व्हॉट्सॲपवर आवाजी मेसेज आला, दीड मिनिटाचा, कुठल्या विभागाकडे प्रस्ताव जातो, गच्चीची तपासणी आधी करावी लागते, आणि पहिल्या अर्थसंकल्पात तरतूद मागीन, एवढं होतं त्यात. तो मेसेज मी वहीत उतरवून घेतला, शब्द न शब्द. माहीत नाही म्हणून परत उत्तर देणारा माणूस मला आधीपासून सगळं माहीत असलेल्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो, हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

मत दिल्यावर वही फेकू नका, जे निवडून आले त्यांची पानं पुढच्या वेळी "केलं काय" चा रकाना भरायला लागतील. महापालिकेला दरवर्षी ३१ जुलैपर्यंत पर्यावरण स्थिती अहवाल महासभेपुढे ठेवावा लागतो, इतकी वर्षं तो ऐकायला निवडलेले नगरसेवकच नव्हते, यंदा आहेत. मी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केलाय, आणि शेजारी आमच्या प्रभागातल्या चौघांचे नंबर लिहिलेत.